उचललेली चूक

धक्का तसा काहीच नव्हता. कपबशी ओट्यावर जरा जोरात ठेवावी, एवढाच आवाज झाला. डोळ्यांच्या दवाखान्याखालच्या तळघरात ती गाडी मागे घेत होती, समोरच्या रांगेतल्या पांढऱ्या गाडीचे मागचे दिवे लागलेले तिला आरशात दिसले, तिने ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि थांबल्यावर, अगदी नक्की थांबल्यावर, तो आवाज आला. मागच्या सीटवर बाबा होते. डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातलेले, त्यावर दवाखान्याने दिलेला काळा कागदी चष्मा. पुढच्या काचेतून उजेड खुपतो म्हणून ते मागे बसले होते. तिचा पट्टा निघेपर्यंत ते उतरलेसुद्धा. गाडीला चाचपत चाचपत मागे गेले आणि पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या बाईला, जी रागाने पहिला शब्द काढायलाच तोंड उघडत होती, तिला म्हणाले, "चूक आमची हो, ताई. आमचीच. तुम्हाला कुठं लागलं नाही ना?" त्या बाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग मिटलं. तिचे खांदे खाली आले. आत कुठलीशी भरलेली पिशवी फसकन रिकामी व्हावी तसा तिचा राग गेला आणि ती चक्क म्हणाली, "नाही काका, मला काही नाही झालं. तुम्ही बरे आहात ना?" इथवर सगळं गोडच होतं. पण बाईच्या कानाला फोन होता, फोनवर नवरा होता, आणि त्याने काहीतरी सांगितल्यावर तिने फोन कानावरून काढून समोर धरला. "काका, एकदा परत म्हणाल का? इकडे बघून?" आणि बाबांनी, चष्मा लावून बोलणं बरं दिसत नाही म्हणून, तो काळा चष्मा काढला. त्या विस्फारलेल्या, पाणावलेल्या, काहीही न दिसणाऱ्या डोळ्यांनी ते फोनच्या दिव्याकडे बघत राहिले आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगावं तसं सावकाश, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "चूक. आमची. होती." ती, त्यांची मुलगी, शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. तिने आधी बंपरकडे पाहिलं, मग बाहेर जायच्या दाराकडे.

हे असं दाराकडे पाहणं तिचं जुनंच होतं. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसायचे. नोकरीला लागले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तीच खिडकी. बढत्या आल्या, त्यांनी नाकारल्या. आई म्हणायची, ह्यांना शिव्या खाल्ल्याशिवाय जेवण पचत नाही. शाळा सुटली की ती तिथे जाऊन त्यांच्या मागच्या उंच स्टुलावर बसायची, आणि खिडकीच्या चौकटीत एकामागून एक लालबुंद चेहरे येताना बघायची. नळ कोरडे, मीटर उलटा, पाणी गढूळ, रस्ता खणून ठेवलेला. चेहरा ओरडायला लागला की बाबा कोपरं टेबलावर टेकून जरा पुढे झुकत आणि पहिल्याच श्वासाला म्हणत, चूक आमची आहे. पुढचं नंतर. आधी हे. मग तो चेहरा गडबडायचा, कारण भांडायला आलेल्या माणसाच्या हातून भांडणच काढून घेतलेलं असायचं. त्या वेळी ती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसायची. निळ्या रेषा म्हणजे मोठे नळ, बारीक रेषा म्हणजे छोटे नळ. एकदा, साधारण अपूर्णांक शिकायच्या वयात, तिने विचारलं होतं, "बाबा, नळ तुम्ही फोडला का? मग तुमची चूक कशी?" बाबा डबा बांधत होते. ते म्हणाले, "अगं, चूक अशी मधोमध पडलेली असते. ती कुणाची ते ठरेपर्यंत माणसं तिच्याभोवती ओरडत उभी राहतात. एकानं उचलून बाजूला ठेवली की झालं, वाट मोकळी. उचलणाऱ्याची ती होत नाही काही." तिला ते पटलं नाही. तिला वाटलं, उचलणाऱ्याचे हात तर खराब होतात. आणि पुढे वजनं-मापं तपासणाऱ्या ज्या प्रयोगशाळेत तिचा जन्म गेला तिथे हेच शिकवलं गेलं, की प्रमाणित वजन बोटांनी उचलायचं नसतं. बोटाचा ओशटपणा त्याला लागतो, दिसत नाही, पण तराजूला कळतो. चिमट्याने उचलायचं, चामड्याच्या अस्तराच्या चिमट्याने, श्वास बाजूला वळवून.

विमा कंपनीचा निर्णय आला तेव्हा ती त्याच तराजूच्या खोलीत होती. तिथे फोन नेत नाहीत. बाहेर आल्यावर, हातमोजे काढताना तिने तो वाचला. आपल्या बाजूने घटनास्थळी चुकीची स्पष्ट कबुली देण्यात आली असल्याने संपूर्ण जबाबदारी आपली धरण्यात येत आहे. खाली सर्व्हेअरने काढलेले फोटो: दोन बंपर, दोन पोचे, एकमेकांना साजेसे. पोच्यांवरून काही ठरणार नव्हतं हे तिला कंपनीपेक्षा चांगलं कळत होतं. दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की खुणा फक्त त्यांच्यामधल्या वेगाच्या असतात. कोण उभी होती आणि कोण चालत आली हे पत्र्याला माहीत नसतं. ते फक्त तिच्या उजव्या पायाला माहीत होतं. पोटरी ताठ झालेली, टाच उचललेली, पायाखाली ब्रेकचा तो शेवटचा घट्टपणा. कुठल्याही मापाखाली, हे माप किती चुकलेलं असू शकेल, ते लिहिल्याशिवाय ती सही करत नसे. आणि ह्या एका गोष्टीबद्दल तिला काडीचा संशय नव्हता. गाडी थांबली होती.

"अगं, एवढासा पोचा," तिचा नवरा म्हणाला. तो जेवताना भांडणं काढायचा नाही, पण चिमटे काढायचा. "दुरुस्तीवाल्यानं हातानं ठोकून सरळ केला. तू काय आता त्याच्यावर प्रबंध लिहिणार?"

"पण मी थांबले होते."

"बरं, थांबली होतीस. मान्य. मला मान्य, देवाला मान्य. कंपनीला नाही मान्य, सोड."

"खोटं आहे ते. नोंदीला खोटं राहील."

"नोंदीला," नवरा बाबांकडे बघून म्हणाला. "ऐकलंत बाबा? बाप जन्मभर नसलेल्या चुका वाटत हिंडला, आणि मुलगी दशांश चिन्हासाठी रक्त सांडते. घरात समतोल आहे हो अगदी."

बाबा हसले. ते मनापासून हसले, आणि ताटाकडे बघत म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे. मी उगाच बोललो. सवय गं." तिला वाटलं, आता निदान इथे तरी नको. पण ती पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिली.

कंपनीला फोन केला की आधी एक धून वाजायची, मग हा संवाद नोंदवला जात आहे असं सांगणारा आवाज यायचा आणि मग एक मुलगी. मुलगी दर वेळी वेगळी असावी, वाक्यं तीच. तिने सगळं मांडलं: ब्रेक, आरसा, पोच्यांची उंची. मग म्हणाली, वडिलांना त्या वेळी दिसतच नव्हतं, डोळ्यांत औषध होतं, त्यांनी पाहिलेलंच नाही तर ते सांगणार काय? हे तिला बिनतोड वाटलं होतं. मुलगी म्हणाली, "बरोबर आहे मॅडम, पण त्यांनी पाहिलं असं ते म्हणतच नाहीयेत. ते मान्य करतायत. आणि मॅडम, तुम्ही व्हिडिओत दिसताय. तुम्ही नाही म्हणत नाही आहात." तो व्हिडिओ तिला पाठवला होता, पण तिने तो उघडला नव्हता. त्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून तिने तो पाहिला. बाबांचे ते पाणावलेले डोळे. आणि त्यांच्या खांद्यामागे एक मध्यमवयीन बाई, ओठ आवळलेले, मान वळवून दाराकडे बघणारी. तिला आधी ओळखूच आली नाही ती बाई. कुणीतरी परकी, ह्या म्हाताऱ्याशी आपला काही संबंध नाही असं जगाला सांगणारी. तिचे कान तापले. शरम नेमकी कशाची होती ते तिला तेव्हा वेगळं काढता आलं नाही. तिला वाटलं ती बाबांची आहे, आणि म्हणून तिला राग आला. राग सोपा होता. राग घेऊन ती घरी गेली आणि झोपायच्या खोलीचं दार लोटून तिने पुन्हा फोन लावला.

ह्या वेळच्या मुलीचा आवाज मऊ होता, थोडा थकलेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग, जणू टेबलाखालून काहीतरी सरकवावं तसं, म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? काकांचं वय बरंच आहे. म्हणजे, त्यांना आपण काय बोलतोय ते... नीट समजतं का? कारण तसं असेल तर त्यांचं बोलणं धरता येत नाही. तसा पर्याय आहे." खोलीत उतरत्या उन्हाचा उजेड होता. पलंगावर बाबांच्या घडी घातलेल्या शर्टांची चळत होती. इस्त्री झाली की ते सगळ्यांचे कपडे आपापल्या खोल्यांत नेऊन ठेवत आणि स्वतःचे मात्र कुठेतरी विसरत. वर्षभरापूर्वी एकदा त्यांनी गॅस तसाच ठेवला होता आणि ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी त्यांना मागे मागे आकडे मोजायला लावले, घड्याळ काढायला लावलं, आणि म्हणाले, उत्तम आहेत, मीसुद्धा गॅस विसरतो. हे सगळं तिला त्या क्षणी आठवत होतं, अगदी घड्याळाचे काटे बाबांनी किती नीटस काढले होते तेही. ती म्हणाली, "हो. त्यांना समजत नाही. मागच्या वर्षीपासून डॉक्टर चालू आहेत." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि सरळ, गुळगुळीत, कुठलाही अनिश्चितपणा न लिहिलेलं असं उभं राहिलं. मुलगी म्हणाली, "अरेरे. ठीक आहे मॅडम, मी तशी नोंद करते. आमच्याकडून काकांना एक फोन येईल, साधेच प्रश्न असतात." ती दार उघडून बाहेर आली तेव्हा बाबा दाराबाहेर, हातावर तिच्या ओढण्यांची घडी घेऊन उभे होते. "इथंच ठेवू का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लोकांचे चेहरे वाचण्यात ज्याची हयात गेली त्याला स्वतःचा चेहरा कोरा ठेवता येत असणारच, पण हे तिला सुचलं ते नंतर. तेव्हा तिने स्वतःला सांगितलं, ऐकलं नसेल. त्यांना हल्ली जरा कमीच ऐकू येतं. आणि हे स्वतःला सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच केलं. डोळे झाले, डोकं झालं, आता कान.

कंपनीचा फोन शनिवारी सकाळी आला. बाबा जेवणाच्या टेबलाशी भिंग घेऊन शब्दकोडं सोडवत होते. तिने फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे ठेवला आणि घसा खाकरला, पण काय सांगायचं ते तिला सुचलं नव्हतं; रात्रभर सुचलं नव्हतं. खरं सांगा म्हणावं तर आपण उघड्या पडतो. खोटं सांगा म्हणायला तोंड नाही. पलीकडे एक साहेब होते, दमदार, दयाळू आवाजाचे. "काका, नमस्कार. बरे आहात ना? तुम्ही मध्यंतरी गाडीतून कुठे गेला होतात, आठवतं?"

बाबांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आणि मग त्यांच्या तोंडून एक आवाज आला जो तिने कधी ऐकला नव्हता. पातळ, कापरा, शब्दांच्या टोकाशी विरणारा. "गाडी? कुठली गाडी? आमच्याकडं कुठली आलीय गाडी. मी बसनं जातो ऑफिसला."

"ऑफिसला? कुठलं ऑफिस, काका?"

"पाणीपुरवठा. खिडकी आहे ना माझी. तुमची काय तक्रार आहे? पाणी येतं ना तुमच्याकडं?"

साहेब अगदी हळू म्हणाले, "येतं काका. भरपूर येतं."

"मग ठीक. नाही आलं तर चूक आमची बरं का. या सांगायला."

"हो, येईन की. आज वार कुठला, काका?"

बाबांनी पुढ्यातल्या वर्तमानपत्राकडे पाहिलं. तिथे वार ठळक छापलेला होता. "काय की," ते म्हणाले. "मिसेसना विचारायला पाहिजे." आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. साहेब म्हणाले, "राहू दे, राहू दे. मॅडम, आहात ना? झालं आमचं. काळजी घ्या त्यांची." फोन बंद झाला. बाबांनी भिंग उचललं, ते कोड्यावर आणलं आणि रोजच्या आवाजात, अगदी नेहमीच्या, खणखणीत, म्हणाले, "बुधवार होता तो. पांढरी गाडी, डावा आरसा चिकटपट्टीनं चिकटवलेला. ती पट्टी हाताला लागली मला." मग जरा थांबून, नाटकातलं काम संपवून आत आलेल्या मुलाने विचारावं तसं, "जमलं का बरं?"

"काय जमलं?" ती म्हणाली. काही माहीतच नसल्यासारखी ती म्हणाली. हे म्हणायची काही गरज नव्हती. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाबांनी मान हलवली आणि कोड्यातल्या चौकोनात एक अक्षर लिहिलं.

निकाल तिच्या बाजूने लागला. कंपनीच्या पत्रात तिच्या नावापुढे 'चूक' ह्या रकान्यात शून्य होतं. तिच्या कामात शून्य कधी बघायला मिळत नाही. उत्तमातला उत्तम तराजू रिकामा असताना काहीतरी दाखवतोच, हवेची झुळूक, माणूस जवळ उभा असल्याची ऊब. नवऱ्याने पत्र वाचून भुवया उंचावल्या. "काय जादू केलीस?" तो म्हणाला. ती म्हणाली, "कागदपत्रं दिली." बाबा शेजारी बसून चहा पीत होते, त्यांनी कपातून मान वर केली नाही. पुढे एकदा इमारतीच्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपली सामानाची ढकलगाडी बाबांच्या पायावरून नेली. ते गृहस्थ थबकले. बाबांचं ते वाक्य येणार, हसणं होणार, अशी त्यांनाही सवय असावी. बाबांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बोलू का, चालेल का, असं विचारणारं ते पाहणं होतं, आणि तिला काही सुचायच्या आत त्यांनी ओठ मिटले. "सॉरी हं," गृहस्थ शेवटी अवघडून म्हणाले. बाबा काहीच बोलले नाहीत. दुकानात गल्ल्यावरच्या मुलीने मोड चुकीची दिली तेव्हाही नाही. दूधवाल्याशीही नाही. घरात एक आवाज होता तो बंद झाला, आणि तो बंद झाल्यावर तिला कळलं की आपण लहानपणापासून त्याच आवाजाच्या आडोशाला राहत आलो. तिने फोडलेली बरणी, तिचं नापास झालेलं वर्ष, आईशी तिची झालेली शेवटची तेढ; मधोमध पडलेलं सगळं कुणीतरी उचलून बाजूला ठेवत होतं आणि ती चिमटा हातात धरून, श्वास वळवून, स्वच्छ राहिली होती. तराजूच्या खोलीत ती वजन उचलायला गेली आणि तिचा हात थांबला. सहायिकेने विचारलं, "काय झालं, मॅडम?" ती म्हणाली, "काही नाही. माझा हात स्थिर नाही आज. तू घे."

त्या दिवशी ती लवकर घरी आली. बाबा खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते. ती त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि तिथूनच, दार लोटायला कुठेही न जाता, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने तिने कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. धून वाजली. बाबांचा ब्रश थांबला.

"नमस्कार मॅडम, बोला."

"मला निकाल मान्य नाही," ती म्हणाली आणि क्लेमचा क्रमांक सांगितला.

"एक मिनिट हं... मॅडम, हा तर तुमच्याच बाजूने लागलाय. तुमची चूक शून्य आहे."

"म्हणूनच. माझ्या वडिलांबद्दल मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. त्यांना सगळं समजतं. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. मी खोटं बोलले."

पलीकडे बटणांचा आवाज आला, मग थांबला. "मॅडम, तसं म्हणू नका ना. कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे. म्हणूनच म्हणतेय."

"नाही पण मॅडम, म्हणजे... धडक तुमच्या चुकीनं झाली का?"

"नाही. मी थांबले होते."

"मग बरोबरच आहे की निकाल." मुलगी हसली, मग हसणं चुकलं असं वाटून सावरली. "मला कळेना तुमची तक्रार कशाबद्दल आहे. इथे कारण निवडावं लागतं आणि असं कारणच नाहीये माझ्याकडे. मी काय लिहू?"

"लिहा की माझे वडील शुद्धीवर आहेत. लिहा की मी..." तिचा आवाज चढला होता. तिला जाणवत होतं की आपला चेहरा लाल झालाय, की आपण खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभ्या आहोत आणि आत कुणीतरी पोर बसलीय जिच्या हातात ना नळ ना चावी. "लिहा! तुम्हाला साधं लिहून घेता येत नाही?"

"मॅडम, माझं काही चुकलं का?" मुलीचा आवाज बारीक झाला होता. "आम्हाला चूक आमची असं म्हणायची परवानगी नाहीये, पण माझं काही चुकलं असेल तर..."

पॉलिशचा ब्रश डबीवर ठेवल्याचा आवाज झाला. बाबांनी हात पुसले, एकेक बोट, नीट, आणि टेबलावर कोपरं टेकून फोनकडे जरा पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी ते परत आलं होतं, ती ओळखीची, कामाला लागलेल्या माणसाची शांतता. "नाही हो, ताई," ते म्हणाले. "तुमचं काही नाही. चूक आमची आहे. तुम्हाला उगाच त्रास झाला."

पलीकडे मुलीने श्वास सोडला. तो ऐकू आला. "नाही, नाही, त्रास कसला," ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष पुन्हा पडद्याकडे गेलं असावं. "आपण कोण बोलताय, काका? म्हणजे, ते वडील म्हणतायत ते आपणच का?"

बाबांनी मान वळवून तिच्याकडे, आपल्या मुलीकडे पाहिलं. आता फक्त हो म्हणायचं होतं. खणखणीत, रोजच्या आवाजात एक हो, आणि तिने सांगितलेलं सगळं खरं ठरलं असतं, ती खोटं बोलली होती हेसुद्धा. ते हो त्यांच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं. आणि मग त्यांचे डोळे मऊ झाले, जसे खिडकीतून कुठल्याशा परक्या माणसाकडे बघताना व्हायचे तसे, आणि फोनकडे वळून त्या पातळ, कापऱ्या, विरत जाणाऱ्या आवाजात ते म्हणाले, "आठवत नाही हो."

"असू दे, काका," मुलगी म्हणाली. "असू दे. काही हरकत नाही."

तिने आता बोलायला हवं होतं. फोन चालू होता, पलीकडची मुलगी वाट बघत होती, बाबांनी ब्रश पुन्हा हातात घेतला होता. आणि ती दाराकडे बघत होती.